लेकीच्या पाठीवर आडव्या रेघा: तेराव्या वर्षी स्ट्रेच मार्क्स?

कारेलीबागची_आई · २० ऑगस्ट, रात्री १०:१२

काल दुपारी लेकीच्या शाळेतून फोन आला. पीटीच्या बाई होत्या. आधी इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना? तिच्या पाठीवर वळ दिसले, म्हणून विचारते." माझे हातपायच गळाले. आम्ही दोघांनी पोरीवर आजवर कधी हात उगारलेला नाही.

ती घरी आल्यावर पाठ बघितली. कमरेच्या जरा वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना सात-आठ आडव्या रेघा. रंग तांबूस-जांभळट. एखादी दोन बोटं लांब, एखादी चार. छडीने मारल्यासारखंच दिसतं हो, बाईंची काहीच चूक नाही. दुखत नाही, खाजत नाही. ती म्हणाली, "मला माहितीये, स्ट्रेच मार्क्स आहेत. मांड्यांना पण आहेत." मांड्या दाखवायला मात्र तयार नाही.

वय तेरा. अंगाने सडपातळ. गेल्या दिवाळीला दारावर पेन्सिलीने खूण केली तेव्हा १४६ सेंटिमीटर होती, आज १५४ आहे. मला वाटायचं या रेघा बाळंतपणानंतर येतात, नाहीतर वजन खूप वाढलं की. हिला कशा?

नवरात्र महिन्यावर आलं. नवा बाजारातून चणियाचोळीचं कापड आणून ठेवलंय, तिच्याच पसंतीचं. आता म्हणते मी गरब्याला येणारच नाही. चार वर्षांची असल्यापासून एक रात्र न चुकवलेली मुलगी आहे ती. मला त्याचं जास्त वाईट वाटतंय. कुणाच्या मुलांना असं झालंय का?

सुईदोरा · २० ऑगस्ट, रात्री १०:५०

ताई, आधी एक सांगते. मी दांडिया बाजारात एकोणीस वर्षं चणियाचोळ्या शिवते. मापं घेताना मला मुलींच्या पाठी, कमरा, दंड दिसतात. बारा ते सोळा वयाच्या कितीतरी मुलींच्या अंगावर या रेघा असतात. कुणाच्या कमरेच्या बाजूला, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या छातीच्या कडेला. ज्या मुली एका वर्षात भराभर उंच होतात त्यांच्या पाठीवर अगदी तुम्ही लिहिल्यात तशा आडव्या. मुलगी मापाला उभी राहिली की आई म्हणते "हे काय गं?" आणि मुलगी ओढणी पुढे ओढून घेते. दरवर्षी बघते मी हे.

चोळीची पाठ बंद शिवता येते, मागे कच्छी भरतकामाची पट्टी लावता येते, सुंदर दिसते. पण ते तिने मागितलं तर. तुम्ही आपणहून सुचवू नका. झाकायचं म्हणालात की लपवण्यासारखं काहीतरी आहे असं तिच्या मनात पक्कं बसेल.

रावपुऱ्याची_आजी · २१ ऑगस्ट, सकाळी ६:३५

माझं वय ७३. माझ्या पोटावर पहिल्या बाळंतपणातल्या रेघा आहेत, १९७४ सालच्या. तेव्हा लाल होत्या आणि इतक्या खाजायच्या की रात्र रात्र झोप नसे. आता जुन्या रेशमावर चुण्या पडाव्यात तशा दिसतात, पांढऱ्या, जराशा चकाकणाऱ्या. आमच्याकडे त्यांना पोटावरचे चरे म्हणतात. माझी आई म्हणे, पोटातल्या बाळाला केस फुटले की आईला खाज सुटते, खाजवू नकोस, चरे पडतील.

माझे वडील वैद्य होते. आईचं हे बोलणं ऐकलं की ते सांगत, हा वाद फार जुना आहे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, शारीरस्थान नावाच्या भागात, या रेघांना किक्किस म्हटलंय. बाळाच्या केसांमुळे आईला जळजळ होते असं बायका म्हणतात, हे तिथे लिहिलंय, आणि त्याच्या लगेच पुढे आत्रेय ऋषींचं मत दिलंय की तसं नाही. सातव्या महिन्यात गर्भ वाढून वर दाब येतो, त्याने जळजळ, मग खाज, मग किक्किस. उपाय म्हणून औषधी घालून सिद्ध केलेलं लोणी खायला सांगितलंय, अंगाला चंदनाचा लेप सांगितलाय, आणि खाजवू नये हेही सांगितलंय. बाळाच्या केसांचा संबंध नाही, वाढत्या गर्भाच्या दाबाचा आहे, इतकं त्या काळी जाणलं होतं.

पण हे गर्भिणीचं झालं. मुलीच्या पाठीचं मला ठाऊक नाही. खोबरेल तेल चोळावं, नुकसान तर काही नाही.

त्वचेची_डॉक्टर · २१ ऑगस्ट, दुपारी २:२०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे न बघता निदान करणार नाही, पण वर्णन वाचून बरंच सांगता येतं.

आपल्या त्वचेचा वरचा थर पातळ असतो. त्याच्या खाली दुसरा जाड थर असतो, त्यात कोलॅजन आणि इलॅस्टिनच्या तंतूंची वीण असते. चणियाच्या घेराला आत अस्तर असतं, घेराचा सगळा भार ते पेलतं, तसं समजा. शरीर वाढतं त्या वेगाने ही वीण वाढली नाही तर आतल्या आत उसवते. वरची त्वचा फाटत नाही, म्हणून रक्त येत नाही, जखम होत नाही. खालचं अस्तर मात्र गेलेलं असतं आणि तिथे वण तयार होतो. स्ट्रेच मार्क म्हणजे आतून पडलेला वण.

सुरुवातीला तिथे सूज असते, रक्तवाहिन्या फुललेल्या असतात, म्हणून रंग लाल-जांभळा. सावळ्या त्वचेवर तो काळपटही दिसतो. मग काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत, रक्तवाहिन्या कमी होतात, कोलॅजनचे तंतू एका दिशेने आडवे पसरतात, वरचा थर पातळ होतो, रंगद्रव्य कमी पडतं, आणि रेघ पांढरी होते. आजींच्या पोटावरच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या रेघा आणि या मुलीच्या पाठीवरच्या रेघा एकच, फक्त वय वेगळं.

नुसत्या ताणाने हे होत नाही, हार्मोन्सचाही हात असतो. वयात येताना आणि गरोदरपणात शरीरात जे बदल होतात त्याने ही वीण सैल पडते. म्हणून तेवढंच वजन वाढून एकीला रेघा येतात, दुसरीला येत नाहीत. आईला असतील तर मुलीला येण्याची शक्यता जास्त. उंच वाढणाऱ्या मुलांच्या पाठीवर, कमरेच्या वर, आडव्या रेघा येणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यांना माराचे वळ समजलं जाणं हीसुद्धा. शाळेतल्या बाईंनी विचारलं हे फार चांगलं केलं. त्यांना जाऊन सांगा आणि आभारही माना.

आता मला दोन गोष्टी हव्या आहेत. मांड्यांवरच्या रेघा नेमक्या कुठे आहेत, बाहेरच्या बाजूला की आत जांघेजवळ? आणि तिथे ती काही क्रीम लावते का? कुणी दिलेलं, मेडिकलमधून आणलेलं, कुठलंही?

आखाडा_९१ · २१ ऑगस्ट, रात्री ९:०५

मुलांनाही होतं हे, कुणी बोलत नाही. मी लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जोर-बैठका मारायचो, तेव्हा काही झालं नाही. एकोणिसाव्या वर्षी जिम लावली आणि चार-पाच महिन्यांत ११ किलो चढवले. काखेच्या पुढे, खांदा आणि छाती जिथे मिळतात तिथे जांभळ्या रेघा आल्या. मला वाटलं स्नायू फाटला. घरी कुणाला दाखवलं नाही, वर्षभर बिनबाह्यांचं बनियन घातलं नाही, पोहायला जाणं सोडलं.

आज त्या रेघा पांढऱ्या आहेत, जवळून बघितल्या तरच दिसतात. आमच्याच जिममध्ये दोघे-तिघे स्नायू फुगवायची इंजेक्शनं घ्यायचे. त्यांच्या खांद्यांवरच्या रेघा बोटाएवढ्या रुंद होत्या. तेव्हा संबंध कळला नव्हता.

ताई, तुमच्या मुलीने तुम्हाला सांगितलं तरी. मी त्या वयात सांगितलं नसतं.

कारेलीबागची_आई · २२ ऑगस्ट, सकाळी ११:४०

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री तिच्याजवळ बसले. बराच वेळ गप्प होती. मग कपाटातून एक ट्यूब काढून दिली.

एप्रिलमध्ये तिला जांघेत नायटा झाला होता. इथे बडोद्यात सगळे दादर म्हणतात. उकाडा, घाम, वर ते घट्ट नायलॉनचे लेगिंग्ज. तिने लाजून मला सांगितलंच नाही. मैत्रिणीच्या आईने शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणून दिली. दोन दिवसांत खाज थांबली. बंद केली की परत यायचं, पहिल्यापेक्षा मोठं. मग परत लावायची. एप्रिलपासून आजपर्यंत. रेघा जांघेतच आहेत, आतल्या बाजूला, उभ्या-तिरप्या, पाठीवरच्यापेक्षा रुंद आणि जास्त लाल. तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीये.

ट्यूबवर चार नावं आहेत. त्यातलं एक क्लोबेटासॉल प्रोपिओनेट.

चार महिने माझ्या घरात हे चाललं आणि मला पत्ता नाही. मी काय सांगू.

त्वचेची_डॉक्टर · २२ ऑगस्ट, दुपारी १:१५

ताई, स्वतःला दोष देऊ नका. याच कारणाने आलेला निदान एक पेशंट नाही असा माझा एकही दिवस जात नाही, आणि त्यात शिकलेले, नोकरी करणारे मोठे लोक असतात.

क्लोबेटासॉल हे सगळ्यात तीव्र स्टिरॉइड क्रीमपैकी एक. स्टिरॉइड सूज आणि खाज दाबून टाकतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. नायटा ज्या बुरशीने होतो ती मात्र मरत नाही. शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे ती आरामात पसरते. त्याच वेळी स्टिरॉइड कोलॅजन बनवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. त्वचा पातळ होत जाते आणि रोजच्या चालण्या-बसण्याच्या ताणानेही आतली वीण तुटते. जांघ आणि काख या जागा तर झाकलेल्या, ओलसर, मुळातच नाजूक त्वचेच्या. तिथे औषध हाता-पायांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. म्हणून पाठीवरच्या रेघा वाढीच्या आणि जांघेतल्या बहुतेक क्रीमच्या, असं मला वाटतं.

नायट्याच्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड एकत्र घालून विकायची आपल्या देशात चाल पडली आहे. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी दुकानातून मिळतात हे तुम्ही बघताच आहात. ट्यूब हातात घेतली की नाव नका वाचू, मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ती नायट्याला लावायची नाही. गोरेपणाच्या क्रीममध्येही हेच निघतं. चेहरा आधी उजळतो, मग लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते.

तिला या आठवड्यातच दाखवा. नायट्याचं नीट औषध सुरू करावं लागेल. ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज आणि लाली जोरात उसळते, तेव्हा घाबरून परत ट्यूब लावली जाते. ते होऊ देऊ नका.

आणखी एक, सगळ्यांसाठी. दम्यासाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी कुणी तोंडाने स्टिरॉइड घेत असेल तर हे वाचून गोळ्या एकदम बंद करू नका, त्यात जिवाला धोका असतो. आणि रेघा एक सेंटिमीटरपेक्षा रुंद, गडद जांभळ्या, सोबत चेहरा गोल सुजल्यासारखा, पोट वाढलेलं पण हातपाय बारीक, जरा लागलं की काळं-निळं, रक्तदाब वाढलेला असं असेल तर शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त बनतंय का हे तपासावं लागतं. त्याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. मुलांमध्ये त्याची एक खूण म्हणजे वजन वाढतं पण उंची थांबते. तुमच्या लेकीची उंची दारावर पेन्सिलीने वर सरकतेय, ही चांगली गोष्ट आहे.

वाघोडिया_रोड · २२ ऑगस्ट, रात्री ११:३०

रेघा घालवायला निघालेल्या सगळ्यांसाठी माझा अनुभव. दुसऱ्या बाळंतपणानंतर पाच वर्षांनी पोटावरच्या पांढऱ्या रेघांसाठी लेझर केलं. सहा बैठका, २८ हजार रुपये. पहिल्या दिवशी सांगितलं, पूर्ण जातील. गेल्या नाहीत. थोड्या भरल्या, हात फिरवला तर कमी खडबडीत लागतात. पण तिसऱ्या बैठकीनंतर जागोजागी काळे ठिपके उठले, ते जायला आठ महिने लागले. आपल्या रंगाच्या त्वचेला हे होऊ शकतं हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी तेव्हाही विचार केला असता.

कोको बटर, ऑलिव्ह तेल, महागडी बाटली, सगळं गरोदरपणात रोज चोळलं होतं. तरी आठव्या महिन्यात रेघा आल्याच. डॉक्टर, ते तेल-बिल खरंच काही करतं का?

त्वचेची_डॉक्टर · २३ ऑगस्ट, सकाळी ८:००

कोको बटर आणि ऑलिव्ह तेलाच्या चाचण्या झाल्या आहेत, रेघा टाळण्याचा फायदा त्यात दिसला नाही. तेलाने कोरडेपणा आणि खाज कमी होते, तेवढ्यासाठी आजींचं खोबरेल जरूर लावा. रेघा लाल असताना उपाय थोडे लागू पडतात, ट्रेटिनॉइन मलम किंवा रक्तवाहिन्यांवरचं लेझर. पण ट्रेटिनॉइन गरोदरपणात अजिबात नाही. पांढऱ्या झाल्यावर लेझर किंवा बारीक सुयांचा उपचार पोत सुधारतो, रेघ पुसत नाही. "पूर्ण जातील" असं जो सांगेल त्याच्याकडून उठून या. तेरा वर्षांच्या मुलीला यातलं काहीच नको, वाढ चालू आहे, रेघा आपोआप फिकट होणार आहेत.

मकरपुरा_शुभा · २३ ऑगस्ट, दुपारी ४:४५

विषय निघालाच आहे तर विचारते. सासूबाईंच्या कपाळावर बरोबर टिकलीच्या जागी पांढरा गोल झालाय. त्यांना वाटतं टिकली ओढून ओढून वण पडला. नातेवाईक कोड कोड करतात आणि त्या घराबाहेर पडेनाशा झाल्यात. गणपतीची आरास दरवर्षी त्यांच्या हातची असते, यंदा म्हणतात तुम्हीच करा.

त्वचेची_डॉक्टर · २३ ऑगस्ट, रात्री ९:५०

आज टिकली काढा आणि पुन्हा लावू नका. चिकट टिकलीच्या डिंकात एक रसायन असतं, काही जणांमध्ये ते रंग बनवणाऱ्या पेशी मारतं. त्याने टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असंच होतं. लवकर थांबवलं तर बऱ्याचदा रंग परत येतो, त्याला मलमही असतं. कोड आहे का हे तपासून कळेल, आणि असलं तरी ते संसर्गाने पसरत नाही.

पांढरं दिसलं की सगळं एकच समजू नका. भाजल्याचा, कापल्याचा, कांजिण्यांचा वण पांढरा असतो आणि तिथला पोत बदललेला असतो, चकाकी किंवा खड्डा असतो, केस नसतात. कोडात त्वचा दुधासारखी पांढरी होते, पण हाताला अगदी नेहमीसारखी लागते. पावसाळ्यात छाती-पाठीवर भुरकट ठिपके येतात, त्यावर बारीक कोंडा असतो, ते शिबं. मुलांच्या गालावर फिकट चट्टे येतात त्याला लोक जंत किंवा कॅल्शियम म्हणतात, ते कोरड्या त्वचेचं असतं, जंतांचं नाही.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. फिकट चट्टा असेल आणि तिथे कापूस फिरवला तर कळत नसेल, गरम-गार कळत नसेल, तर लगेच सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोग असू शकतो. औषध मोफत मिळतं, पूर्ण बरा होतो, पण उशीर झाला तर हातापायांच्या नसा जातात.

सुईदोरा · २३ ऑगस्ट, रात्री १०:३०

नाडीचं पण लिहा कुणीतरी. परकर आणि चणिया कमरेवर एकाच जागी घट्ट आवळून बांधतात. वर्षानुवर्षं तिथे काच पडून आधी काळं होतं, मग कातडी सोलते, काहींना फिकट पट्टा पडतो. माझ्या एका गिऱ्हाइकाला तिथे न भरणारी जखम झाली आणि तपासणीत कॅन्सर निघाला. आता मी सगळ्यांना नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून देते. आठ किलोचा चणिया सुतळीएवढ्या नाडीवर नऊ रात्री तोलू नये.

कारेलीबागची_आई · १९ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२०

उशिरा लिहितेय, माफ करा. डॉक्टरांना दाखवलं. पाठीचं वाढीचं आहे, जांघेचं क्रीमचं. ट्यूब बंद केल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी खाज इतकी उसळली की रात्री उठून रडायची. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवून बसले होते मी. गोळ्या आणि साधं बुरशीचं मलम चालू आहे, नायटा आता दोन बोटांएवढा राहिलाय. घरातल्या सगळ्यांचे टॉवेल वेगळे केले, तिचे कपडे उन्हात वाळवते, लेगिंग्ज काढून टाकले. जांघेतल्या रेघा राहतील असं डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं, फिकट होतील पण जाणार नाहीत. ती ऐकून घेत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "निदान खरं तरी सांगितलं."

पीटीच्या बाईंना शाळेत जाऊन भेटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चोळी सुईदोरा ताईंकडे शिवायला दिली. पाठीचं काय करायचं ते तिचं तिनेच सांगितलं, मी दुकानाबाहेर उभी होते. काय ठरलं ते मला अजून माहीत नाही.

आणि मैत्रिणीच्या आईशी बोलले तेव्हा कळलं, तीच ट्यूब त्यांनी आमच्या मजल्यावरच्या बाळंतिणीलाही दिलीये, तिच्या पाच महिन्यांच्या बाळाला लंगोटाच्या जागी पुरळ आलंय म्हणून. हे लिहून झालं की खाली ठेवलेली चप्पल घालते आणि त्यांच्या दारावर जाते.